सज्ञान होण्याचे वय : अठरा की वीस?

३१ मार्च २०२२ च्या रात्री जपानमधील अठरा-एकोणीस वर्षांची सुमारे वीस लाख मुलेमुली झोपी गेली ती कायद्याच्या दृष्टीने अज्ञान म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी उठली ती सज्ञान म्हणून! (कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, स्वतःचे व्यवहार स्वतः करण्याचा अधिकार ज्याला अजून मिळालेला नाही, तो अज्ञान.) एका रात्रीत त्यांच्या मेंदूत काही फरक पडला होता काय? अर्थातच नाही. बदलला होता तो कायदा. १८७६ पासून जपानमध्ये सज्ञान होण्याचे वय २० होते. ते १ एप्रिल २०२२ पासून १८ झाले.

असे वय कमी करणे योग्य आहे काय? विज्ञानाची या प्रश्नाला काही मदत होते का, ते पाहू.

बर्फ की काच?

बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो. त्याखाली तो घन, त्यावर पाणी. ही सीमा निसर्गानेच आखलेली आहे. काचेचे तसे नाही. काच तापवू लागलो की ती हळूहळू मऊ होत जाते. काचेच्या उद्योगात 'मृदुबिंदू' म्हणून एक तापमान मानतात खरे, पण तो माणसांनी सोयीसाठी ठरवून घेतलेला बिंदू आहे.

माणूस मोठा होतो तो काचेसारखा. मग कायदा अशी रेघ का ओढतो? कारण दुकानदाराला किंवा मतदान केंद्रावरील अधिकाऱ्याला समोरच्या प्रत्येकाची समज मोजत बसता येत नाही. जन्मतारीख मात्र चटकन तपासता येते.

दोन प्रकारचे निर्णय

२०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ देशांतील, १० ते ३० वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींची त्यात चाचणी घेण्यात आली. या देशांत भारतही होता. शांतपणे माहिती पारखून विचार करण्याची शक्ती १६ व्या वर्षाच्या सुमारास प्रौढांच्या बरोबरीला येते, असे त्यात आढळले. मोह आवरणे, धोका ओळखून थांबणे या गोष्टी मात्र त्यानंतरही, १८ वर्षांच्या पुढेही, वाढतच राहतात.

२००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही असाच बोलका आहे. पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ होता. पिवळा दिवा लागल्यावर गाडी थांबवायची, की आणखी थोडी पुढे दामटायची? मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. चोविशी ओलांडलेल्या प्रौढांमध्ये मात्र मित्र असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही.

तेव्हा 'मूल मोठे केव्हा होते?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'कोणत्या कामासाठी?' असे आधी विचारावे लागते.

जपानने काय केले?

मतदानाचे वय जपानने २०१६ पासूनच १८ केले होते. मत द्यायला विचार करण्यास पुष्कळ दिवस मिळतात. तो शांतपणे घेण्याचा निर्णय आहे. दारू, तंबाखू आणि घोड्यांच्या शर्यतींवरील पैज यांचे वय मात्र २०२२ नंतरही २०च ठेवले. मौज अशी की, त्याच दुरुस्तीने मुलींच्या विवाहाचे किमान वय १६ वरून १८ पर्यंत वाढवले!

खरी अडचण आहे ती कराराची. पूर्वी १९ वर्षांच्या मुलाने पालकांना न विचारता हप्त्याने महागडी वस्तू घेतली, तर तो करार रद्द करता येई. आता अठराव्या वर्षीच ही ढाल गळून पडते. जपानमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुले वर्षभरात एकेक करून अठरा पूर्ण करतात. म्हणजे एकाच बाकावर एक सज्ञान आणि एक अज्ञान! गोड बोलणारा विक्रेता, 'आजच सही करा' अशी घाई, शेजारी मित्र — हा प्रसंग पिवळ्या दिव्यासारखाच नाही काय?

उलट बाजूही ऐकली पाहिजे. अठराव्या वर्षी नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलीला साधी खोली भाड्याने घेण्यासाठी वडिलांची संमती लागावी, हेही न्यायाचे नाही.

म्हणून माझे मत असे : वय कमी करावे, पण ढाल काढून घेताना दुसरी द्यावी. सामाजिक अनुभव नसल्याचा गैरफायदा घेऊन करून घेतलेले काही करार रद्द करण्याची तरतूद जपानने २०१८ मध्ये केली. ती याच जातीची आहे. करार कसा वाचावा, व्याज कसे वाढते, हे शाळेत शिकवणे ही तितकीच मोठी ढाल होय.

आपल्याकडे सज्ञानतेचे वय १८७५ च्या कायद्यापासून सर्वसाधारणपणे १८ आहे. मतदानाचे वय मात्र १९८९ पर्यंत २१ होते. ५० सी.सी. पर्यंतची दुचाकी १६ व्या वर्षी चालवता येते, मोटारीसाठी १८ लागतात. एकच रेघ सर्वत्र पुरत नाही, हे आपल्या कायद्यांनाही ठाऊक आहे.

आता वर्गात एक करून पाहा. मतदान, वाहन चालवणे, कर्ज घेणे, स्वतःच्या शस्त्रक्रियेस संमती देणे आणि विवाह, अशी पाच कामे फळ्यावर लिहा. प्रत्येकाने वहीत त्यापुढे योग्य वाटणारे वय आणि एका वाक्यात कारण लिहावे. मग वह्या ताडून पाहा. शिक्षकांनीही आपली वही उघडावी. वयांपेक्षा कारणांवर जास्त वाद होईल, आणि तोच व्हायला हवा.