विश्लेषण : तीन पेले, चार चेंडू... व्हिडिओ पाहून हातचलाखी शिकता येते का?

तीन उपडे पेले, तीन छोटे चेंडू आणि एक छडी. जादूच्या दुनियेतील सर्वांत जुन्या खेळांपैकी एक असलेला ‘कप्स अँड बॉल्स’ आज मोबाइलवर शिकता येतो. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, वेग कमी करून पाहता येतो. गुपित पाच मिनिटांत कळते. तरीही घरच्यांसमोर पहिला प्रयोग करताना चेंडू भलत्याच वेळी टेबलावरून घरंगळतो. असे का होते?

खेळ नेमका काय आहे?

चेंडू पेल्यातून आरपार जातो, मुठीतून नाहीसा होऊन पेल्याखाली सापडतो आणि शेवटी प्रत्येक पेल्याखालून लिंबाएवढी मोठी वस्तू निघते. ढोबळमानाने एवढेच कथानक. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या पत्रांत पेले आणि खड्यांच्या अशाच खेळाचा उल्लेख केला आहे. फसवणुकीतच त्याची गंमत आहे, युक्ती कळली की रस संपतो, असे त्याचे म्हणणे. हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘द कॉन्ज्युरर’ या चित्रातही टेबलावर हाच खेळ मांडलेला दिसतो. लोक खेळ बघण्यात गुंग आहेत आणि मागे एकाची थैली मारली जाते आहे.

विसाव्या शतकात या खेळाला आजचे लोकप्रिय रूप दिले ते कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन (१८९४-१९९२) यांनी. त्यांचा क्रम १९५७ मध्ये लुईस गॅन्सन यांनी लिहिलेल्या ‘द डाय व्हर्नन बुक ऑफ मॅजिक’ या पुस्तकात छापून आला. आज शिकवणीच्या अनेक व्हिडिओंमध्ये हाच क्रम थोड्याफार फरकाने असतो.

गुपित कशात आहे?

प्रेक्षकांना तीन चेंडू दिसतात, प्रत्यक्षात चार असतात. या एका जादा चेंडूमुळे जादूगार कायम एक पाऊल पुढे राहतो. प्रेक्षक ज्या क्षणाला ‘जादू’ समजतो, त्याच्या कितीतरी आधी काम झालेले असते.

दुसरी गोष्ट पेल्याची घडण. पेले निमुळते असतात आणि एकात एक बसवले तरी मध्ये चेंडूपुरती पोकळी राहते. चेंडू आत असलेला पेला एका झटक्यात उपडा ठेवला, तर चेंडू बाहेर न पडता पेल्याबरोबरच खाली येतो. हात कचरला, वेग कमी झाला, की चेंडू दिसलाच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट म्हणजे खोटी देवघेव. उजव्या हातातला चेंडू डाव्या हातात दिल्यासारखे करायचे आणि तो उजव्यातच ठेवायचा. वाचायला सोपे वाटते, पण नवशिक्यांचे घोडे बहुधा येथेच अडते.

व्हिडिओतून काय मिळते, काय निसटते?

पुस्तकापेक्षा व्हिडिओ एका बाबतीत नक्कीच सरस आहे. हालचालीची लय दिसते. बोटे कुठे, मनगट किती वळले, पेला कधी उचलला, हे शब्दांत पकडणे कठीण असते. मात्र समोरून चित्रित केलेल्या व्हिडिओत डावे-उजवे उलटे भासते, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. कॅमेरा हा एकाच जागी बसलेला प्रेक्षक असतो. घरात मात्र कुणी बाजूला बसलेले असते, कुणी उभे, एखादे पोर थेट टेबलाशी डोके लावून. कॅमेऱ्याला न दिसलेला चेंडू त्या पोराला दिसतो. शिवाय व्हिडिओ मध्येच प्रश्न विचारत नाही की हात धरून ‘आधी मूठ उघडून दाखवा’ असे म्हणत नाही.

त्यामुळे सराव करताना आधी खरी कृती करावी. चेंडू खरोखर दुसऱ्या हातात द्यावा, दहा वेळा. तेव्हा खांदा, नजर आणि रिकामा झालेला हात काय करतात, ते पाहावे. मग खोटी कृती हुबेहूब तशीच बसवावी. व्हर्नन यांचा सारा भर या सहजतेवर होता. चेंडू लपवलेला हात ताठरला की प्रेक्षक तिकडेच बघतो. आरसा उपयोगी पडतो, पण नेमक्या क्षणी स्वतःचेच डोळे मिटले, तर आरशात ते कळत नाही. त्यासाठी मोबाइलवर स्वतःचे चित्रीकरण करणे उत्तम.

जादूगाराचा चेहरा झाकला तर?

जादूगार नजरेने प्रेक्षकाला भुलवतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील पेन आणि टेलर या जोडीने हा खेळ पारदर्शक पेल्यांनी करून गाजवला. त्याच धर्तीवर मेंदूविज्ञानाच्या संशोधकांनी टेलर यांचे प्रयोग चित्रित केले आणि ते पाहणाऱ्यांची नजर नोंदवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अवघ्या सात जणांवरचा होता. जादूगाराचा चेहरा झाकल्याने पाहणाऱ्यांच्या आकलनात फरक पडला नाही. म्हणजे निदान या खेळात भुलवण्याचे काम नजरेपेक्षा हातच अधिक करतात. सरावाने पाहणाऱ्यांचेही आकलन सुधारले. एकच खेळ त्याच लोकांना पुन्हा दाखवू नये, या जुन्या संकेतामागचे कारण यातून समजते.

गुपित उघड करणे बेकायदा आहे का?

निव्वळ युक्तीवर कॉपीराइट मिळत नाही, सादरीकरणावर मिळू शकतो. गुलाबाच्या सावलीवर सुरी फिरवताच खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळतात, हा टेलर यांचा ‘शॅडोज’ प्रयोग त्यांनी १९८३ मध्ये नोंदवला होता. युरोपातील एका कलाकाराने तशाच प्रयोगाचा व्हिडिओ टाकून गुपित विकायला काढले. टेलर न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कॉपीराइटच्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला.

पेल्यांच्या खेळाचे तसे नाही. तो कुणा एकाचा नाही. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने १५८४ मध्येच चेटकिणींविषयीच्या अंधश्रद्धेवर टीका करणाऱ्या आपल्या पुस्तकात चेंडूंची हातचलाखी उलगडून सांगितली. त्यानंतर चार शतके उलटली, खेळ टिकून आहे.

रस्त्यावरच्या जादूगाराचे काय?

भारतातही या खेळाची स्वतंत्र परंपरा आहे. येथील जादूगार टेबलाशिवाय, जमिनीवर बसून खेळ करतो. पेल्यांच्या डोक्यावर गाठीसारखी मूठ असते, ती बोटांच्या बेचक्यात धरायची. चहूबाजूंनी माणसे आणि लपवायला ना खिसा ना टेबलाची कड. ही विद्या बापाकडून मुलाकडे येत गेली.

पण खेळ संपल्यावर चादरीवर पैसे मागणे हा कायद्याच्या लेखी वेगळाच प्रकार ठरू शकतो. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करण्याच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणेही येते. हा कायदा दिल्लीतही लागू करण्यात आला होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

व्हिडिओमुळे ही कला बंद दारातून बाहेर आली, हे चांगलेच झाले. ज्याला घराण्यात जन्म मिळाला नाही, तोही आता शिकू शकतो. मात्र चौकात चहूबाजूंच्या नजरा झेलत खेळ करणारा माणूस जे शिकवू शकतो, ते एका बाजूने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला शिकवता येत नाही. तो चौकातून उठून गेला, तर ते शिकायचे कुणाकडून, हा प्रश्न उरतोच.