जहाजांची टक्कर आधी मोजता येते का?

श्रोतेहो, नागपूरला समुद्र नाही. मग जहाजांच्या अपघाताची चर्चा इथं कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण आपल्या जरीपटक्यात विचारून पाहा. फाळणीनंतर तिथं वसलेल्या सिंधी घरांतले कितीतरी वडीलधारे कराचीहून आगबोटीनं मुंबईस उतरले होते. आणि नदीकाठच्या गावांत डोंगा तर रोजचाच आहे.

धोका मोजायचा म्हणजे दोन प्रश्न विचारायचे. अपघात किती वेळा घडू शकेल? आणि घडलाच, तर नुकसान किती?

पहिला प्रश्न पांदणीवर समजून घेऊ. दोन पांदणी एकमेकींना छेदतात. एकीवरून तुमची बंडी चालली आहे, दुसरीवरून दुसऱ्याची. ती तुम्हाला उजव्या बैलाच्या शिंगाच्या रेषेत दिसते. शंभर पावलं गेलात, तरी ती त्याच रेषेत, फक्त मोठी झालेली. म्हणजे टक्कर होणार! शिंगाच्या पुढं किंवा मागं सरकली असती, तर सुटलात. जहाजांसाठी 1972 साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत हीच खूण दिली आहे: येणाऱ्या जहाजाची दिशा होकायंत्रावर फारशी बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे समजावे. बंडी कासरा ओढला की थांबते. भरधाव मालवाहू जहाज मात्र यंत्र उलटं फिरवलं तरी मैल-दोन मैल पुढं जातच राहतं.

आता हिशेब करणारे काय करतात? जलमार्गाच्या कोणत्या तुकड्यात किती जहाजं अशी एकमेकांवर चालून येतात, ते मोजतात. बहुतेक वेळा कोणीतरी सुकाणू वळवतं, आणि काही होत नाही. जपानी अभ्यासक फुजी यांनी 1970 च्या दशकात तिथल्या सामुद्रधुन्यांची वाहतूक तपासली. अशा दहा हजार प्रसंगांत साधारण एकदा चूक सावरत नाही, असा अंदाज निघाला. फारच थोडं वाटतं, नाही का? गुरुजी, फळ्यावर मांडून पाहा. रोज 10 प्रसंग येत असतील, तर सरासरी 1000 दिवसांत एक टक्कर. दोन्ही वाटांवरची जहाजं दुप्पट झाली, तर प्रसंग दुप्पट नव्हे, चौपट होतात. मग टक्कर 250 दिवसांत!

मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची मोठी जहाजं समुद्राकडून एकाच खोल वाटेनं ये-जा करतात. 7 ऑगस्ट 2010 रोजी तिथं बाहेर निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली. माणूस एकही दगावला नाही. पण शेकडो कंटेनर पाण्यात पडले, शेकडो टन तेल सांडलं, काही दिवस वाट बंद राहिली, कोळ्यांची मासेमारी बुडाली.

म्हणून दुसरा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट कोणाला धडकली नव्हती. भर पावसाळ्यात वादळी लाटांनी ती कलंडली, आणि सहाशेंवर माणसं गेली. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. 15 जीव गेले. जहाज केवढं यापेक्षा त्यात माणसं किती, हे आधी पाहायला हवं.

आपल्याकडंही तेच. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जण गेले. नदीत दुसऱ्या जहाजाची भीती नसते. तिथं भार, पाण्याची ओढ आणि काठाचं अंतर मोजायचं. नावाडी म्हणेल, “रोज इतकीच माणसं नेतो जी, काही होत नाही.” खरं आहे त्याचं, पण सुखरूप झालेल्या खेपा पुढच्या खेपेचा जामीन राहत नाहीत.

समुद्रावरच्या जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवलेली असते. ती पाण्याखाली जाईल इतका माल भरता येत नाही. इंग्लंडात मालक जहाजं वाट्टेल तशी भरत, तेव्हा सॅम्युअल प्लिमसोल यांनी झगडून 1876 मध्ये ही खूण कायद्यात आणवली. आपल्या घाटावरच्या डोंग्याला अशी रेषा ओढायला रंगाचा लहानसा डबा पुरतो. शांत पाण्यात परवान्याइतकीच माणसं बसवावीत, पाणी कुठवर चढतं ते पाहून तिथं खूण करावी. पूर असेल त्या दिवशी डोंगा घाटालाच बांधून ठेवावा.