जुने सुटे भाग : वाद आणि पुरावा

डोंगरवाटांवर चालणाऱ्या जीपसाठी जुना गिअरबॉक्स विकत घेतला जातो आणि बसविल्यानंतर दोनच दिवसांत तो निकामी ठरतो. “माल पाहून घेतला होता,” असे विक्रेता म्हणतो. “चालू स्थितीत आहे असे सांगितले होते,” असे खरेदीदार म्हणतो. अशा वादाचा निर्णय व्यवहाराच्या वेळी काय ठरले व काय लिहिले गेले यावर अवलंबून असतो.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने प्रयोजन सांगून त्या मालाच्या व्यापाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी केली असल्यास, माल त्या कामास वाजवी प्रमाणात योग्य असावा, अशी अट सामान्यतः गृहीत धरली जाते. मात्र माल तपासून घेतला असल्यास, उघड दिसणाऱ्या दोषाबद्दलची तक्रार टिकणे कठीण असते.

म्हणून पावतीवर भागाचा क्रमांक, गाडीचा प्रकार, मालाची स्थिती व परतीची मुदत नमूद करून घ्यावी. दोष आढळताच भाग न खोलता विक्रेत्यास लेखी कळवावे. व्यापाऱ्याकडून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मालाबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते.

पावतीवाचून घेतलेला स्वस्त माल वादाच्या वेळी महाग पडतो.