गिअरबॉक्सवरचा पहारेकरी

तुमच्या प्रयोगवहीत एक आकृती नक्की असेल. एक विद्युतघट, एक दिवा आणि एकाच तारेवर ओळीने दोन स्विच. दोन्ही जुळल्याशिवाय दिवा लागत नाही. ही साधी एकसर जोडणी एका मोटारीच्या पोटात काय काम करते, ते पाहू या.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. हौशी मंडळी ती आजही जपतात. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाचा भाग असे. १९७० च्या सुमाराच्या गाडीत तो चालू केला, की चाकांचा वेग तोच राहून इंजिनाचे फेरे सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे मिनिटाला ३,००० ऐवजी २,४६०. इंधन वाचते, आवाजही घटतो.

पण ओव्हरड्राइव्ह चालू असताना गाडी मागे घेतली, तर ही महागडी यंत्रणा मोडू शकते. मग चालकाच्या आठवणीवर विसंबायचे का? अभियंत्यांनी गिअरबॉक्सवरच एक छोटा स्विच बसवला. गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये असेल तरच तो जुळतो. चालकाचा स्विच ‘आणि’ हा स्विच, दोन्ही जुळले तरच विद्युतचुंबकातून प्रवाह वाहतो. विद्युतचुंबक तेलाची झडप हलवतो आणि पुढचे काम तेलाचा दाब करतो.

गिअरबॉक्सवर असाच आणखी एक स्विच असतो. मागचा गिअर टाकला, की त्याचा दट्ट्या दाबला जातो आणि मागचे पांढरे दिवे लागतात. हिरवी तार त्याच्यापर्यंत वीज आणते, हिरवी-तपकिरी तार ती दिव्यांकडे नेते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा!

हे दिवे लागेनासे झाले तर? जाणकार आधी दिवे आणि फ्यूज तपासतो. मग इंजिन बंद ठेवून, फक्त किल्ली फिरवून, स्विचवरच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडतो. दिवे लागले, तर दोष स्विचकडे. नवा स्विच बसवताना खालच्या वायसरची जाडीही पाहावी लागते. वायसर जाड झाला, तर दट्ट्या दाबलाच जात नाही. पातळ झाला, तर तो अवेळी दाबला जातो. म्हणून प्रत्येक गिअर टाकून खात्री करायची.

ओव्हरड्राइव्हचा स्विच बिघडला, तर काहीजण तारा कायमच्या जोडून मोकळे होतात. गाडी छान धावते, काहीच बिघडलेले दिसत नाही. पण पहारेकरी गेलेला असतो. चालक ओव्हरड्राइव्ह बंद करायला विसरून गाडी मागे घेतो, त्या दिवशी चूक कळते. तोवर उशीर झालेला असतो.

करून पहा : सुरुवातीच्या आकृतीप्रमाणे जोडणी करा. आता एका स्विचच्या दोन टोकांना तार जोडा. दिवा एकाच स्विचने लागेल. सांगा बरे, तुम्ही कोणती अट काढून टाकलीत?