मासळी : समुद्रातली की तळ्यातली?

गोव्यासह पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या काळात तळ्यातली मासळी घ्यावी काय, असे विद्यार्थी हमखास विचारतात. 'तळ्यातली घेतली की समुद्र वाचतो' हे उत्तर अपुरे आहे. मासळी काय खाते, हे आधी पाहावे लागते.

कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिन्ही जाती एकाच तळ्यात वाढवितात. पाण्यातले सूक्ष्म जीव, जोडीला भाताचा कोंडा आणि पेंड यांवर त्यांचे भागते. कोळंबीचे तसे नाही. २००९ पासून आपल्याकडे रुजलेली व्हॅनामेई कोळंबी मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. तिच्या खाद्यात समुद्रातील लहान मासळीची भुकटी असते. म्हणजे तळ्यातल्या कोळंबीमागेही समुद्रातला मासा खर्ची पडतोच. समुद्रातली कोळंबीही निर्दोष नव्हे. तिच्यासाठी तळाशी ओढल्या जाणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यात इतर माशांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात. थव्याने वर फिरणाऱ्या बांगड्याच्या जाळ्यात अशी भेसळ कमी. त्यामुळे प्रस्तुत लेखकाची पसंती बांगडा व रोहू यांना, कोळंबी क्वचित.

गोव्याच्या खाजणांना मात्र यांतले कोणतेच नाव नीट लागू पडत नाही. भरतीचे पाणी 'मानस' या दरवाजातून आत येते, त्याबरोबर मासळीची व कोळंबीची पिल्लेही. ती आत वाढतात आणि ओहोटीच्या वेळी दरवाजाशी लावलेल्या जाळ्यात धरली जातात. खाद्य विकत आणावे लागत नाही. बांध राखायला माणसे मात्र लागतात. बांध फुटला की खारे पाणी शिरून भातशेतीही जाते.