निवेदनामागे पुरावा हवा : पद्धतशीर आढावा शिकूया

शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही म्हणून आपल्या मुली कॉलेज सोडतात, असे निवेदन घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी विचारले, "आधार काय?" आम्ही एका अभ्यासाचे नाव सांगितले. त्यांनी उलटे सांगणारा दुसरा अभ्यास पुढे केला. आम्ही गप्प झालो. कराडला परतताना एसटीत एकच चर्चा : दोन अभ्यास दोन गोष्टी सांगतात, तर खरे काय हे ठरवायचे कसे?

याचे उत्तर म्हणजे पद्धतशीर आढावा, अर्थात सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. आपल्याला पटणारे चार लेख गोळा करणे म्हणजे असा आढावा नव्हे. आधी प्रश्न नेमका करायचा. कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते वगळायचे, याचे नियम शोध सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवायचे. मग सापडेल ते सर्व तपासायचे, आपल्या विरोधात जाणारेसुद्धा. निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि नंतर ताडून पाहायची. प्रत्येक अभ्यासाचा दर्जा जोखायचा. शेवटी किती सापडले, किती वगळले आणि का, हे सगळे उघड मांडायचे. त्यासाठी 'प्रिझ्मा २०२०' ही २७ मुद्द्यांची यादी जगभर वापरली जाते.

आढावा न घेण्याची किंमत मोठी असते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असेल तर आईला स्वस्तातले स्टिरॉइड दिल्याने बाळ वाचू शकते, हे दाखवणारी चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण त्यांचा एकत्र आढावा यायला १९८९ उजाडले. दरम्यान वाचू शकली असती अशी कितीतरी बाळे गेली. १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे.

कॉक्रेनचे काम आरोग्याचे. शिक्षण आणि समाजकल्याणासाठी २००० साली कॅम्पबेल संस्था सुरू झाली. तिचा २०१३ चा एक आढावा आमच्या प्रश्नाच्या जवळचा निघाला. विकसनशील देशांतील ३५ अभ्यास एकत्र पाहता, कुटुंबाला रोख मदत दिल्याने मुलांची पटनोंदणी आणि हजेरी वाढते. परीक्षेतील गुणांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. म्हणून निवेदनातले 'शिष्यवृत्तीने गुणवत्ता वाढते' हे वाक्य आम्हाला खोडावे लागले. जे उरले ते मात्र भक्कम होते. तरीही हा आढावा आपल्या शिष्यवृत्तीच्या विलंबाबद्दल थेट बोलत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

शिकायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. कॅम्पबेलचा ऑनलाइन अभ्यासक्रम कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. कोर्सेरावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचाही आहे. दोन्ही इंग्रजीत. म्हणून आम्ही दर रविवारी एकत्र बसतो. एकाने धडा ऐकायचा आणि बाकीच्यांना मराठीत समजावायचा. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. आपल्या वस्त्यांबद्दलचे बरेच संशोधन तिथेच पडून आहे.

मित्रांनो, कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती आपल्या मागण्यांनाही लावूया. तुमच्या गावातला एक प्रश्न निवडा, दोघे जण बसा आणि नियम आधी लिहून काढा.