ध्वनिवर्धक कोठे ठेवावा?

घरात गाणे ऐकण्याचे नवे यंत्र आले की त्याची जागा ठरवितो कोण? बहुधा कान नव्हे, डोळाच! जो कोपरा मोकळा दिसेल तेथे ध्वनिवर्धकाची पेटी जाऊन बसते. आमच्या घरीही तसेच घडले. वडील म्हणू लागले, "आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहीत." आम्ही आवाज वाढविला, शब्द अधिकच हरवले. दोष त्यांच्या कानांचा, असे आम्ही ठरवून टाकले.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. तो कानी थेट येतो, तसाच भिंती, छत व फरशी यांवर आपटूनही येतो. कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग ध्वनी परतवितात. कापूस, जाड कापड यांसारख्या मऊ वस्तू तो शोषून घेतात. उघड्याबोडक्या खोलीत एक अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे अक्षर त्यावर येऊन पडते. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात असाच घोटाळा होता. तेथे ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री-रात्री जागून, दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी निनाद किती घटतो, हे मोजले. त्यातूनच वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला.

कोपऱ्याचा दोष मात्र निराळा. तेथे दोन भिंती व जमीन मिळून खालचे स्वर फुगवितात. डग्ग्याचा घुमारा वाढतो आणि गायकाचे शब्द त्याखाली दबतात. म्हणून पेटी कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणावी. पेट्या दोन असतील तर त्या आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. पेट्यांत दोन मीटर अंतर असेल, तर श्रोताही प्रत्येकीपासून दोन मीटरवर बसावा. पेटीतील लहान ध्वनिवर्धक, ज्यातून उंच स्वर निघतात, तो बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर असावा. श्रोत्याने मागील भिंतीला टेकून बसू नये.

आणखी एक सोपा प्रयोग करून पाहा. एकाने श्रोत्याच्या जागी बसावे व दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवावा. आरशात जेथे पेटी दिसेल, तेथूनच ध्वनी परतून कानी येतो. कारण प्रकाशाचा परावर्तनाचा नियम येथेही लागू पडतो. त्या जागी जाड पडदा लावावा किंवा पुस्तकांचे कपाट ठेवावे. मात्र सारी खोलीच कापडाने मढवू नये. निनाद अगदीच नाहीसा झाला तर गाणे निर्जीव वाटते.

आम्ही पेट्या हलविल्या, एक पडदा लावला आणि आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवला. वडिलांना शब्द कळू लागले. खर्च काहीच आला नाही. आमची चूक तेवढी पदरात पडली. विद्यार्थिमित्रांनो, कोणाला ऐकू येत नाही असे वाटले, तर त्याच्या कानांना बोल लावण्यापूर्वी आवाज कोठून येतो आहे, हे एकदा पाहावे.